जुन्या किंडलमधली पुस्तकं नव्या रीडरवर नेता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं वापरलेल्या किंडलची बॅटरी आता टिकत नाही, चार्जरला लावून ठेवलं तरच ते चालतं. त्यात दोनशेच्या आसपास पुस्तकं आहेत: काही विकत घेतलेली, काही मोफत उतरवलेली, काही मित्रांनी पाठवलेल्या पीडीएफ. आता कोबो किंवा पॉकेटबुक घ्यावं असं तुमच्या मनात आहे. एका मित्राने सांगितलंय की सगळं कॅलिबरमध्ये (ई-पुस्तकांचं फॉरमॅट बदलणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर) टाक, ईपब करून घे, झालं काम. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, सगळ्या यंत्रांवर चालेल असा एकच फॉरमॅट कोणता?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे: ईपब. पण तेवढं सांगून मी थांबले तर तुम्ही ईपब वाचणारं यंत्र घ्याल, दोनशे फाइली त्यात ओताल आणि त्यातल्या बऱ्याच उघडणारच नाहीत. म्हणून प्रश्न जरा फिरवून घेते. या दोनशेपैकी कुठल्या फाइली मोकळ्या आहेत आणि कुठल्यांना कुलूप आहे? कुलूप असेल तर ते कुणाचं? कुठलं यंत्र घ्यायचं ते यावरून ठरतं.

मी गेली बरीच वर्षं ई-पुस्तकं बांधण्याचं काम करते. प्रकाशकाकडून मजकूर येतो, त्याचं ईपब तयार करायचं, पाच-सहा वेगवेगळ्या रीडरवर उघडून तपासायचं आणि मग दुकानांकडे पाठवायचं. ‘पुस्तक उघडत नाही’ ही वाचकांची तक्रार फिरत फिरत शेवटी माझ्या टेबलावर येते. सुरुवातीला मी फाइलीतच चूक शोधत बसायचे. आता आधी विचारते, “कुठून घेतलं होतं आणि कशावर उघडताय?” बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, पण ज्या यंत्रावर ती उघडायची त्याच्याकडे किल्लीच नसते.

फॉरमॅटचं प्रकरण आधी उरकते, कारण ते सोपं आहे. ईपब म्हणजे आतून पाहिलं तर एक झिप फाइल. तिच्यात वेबपानांसारखी एचटीएमएल पानं, मांडणी सांगणारं सीएसएस, चित्रं, हवे तर फॉन्ट, आणि कुठलं प्रकरण कशानंतर येतं ते सांगणारी यादी. आयडीपीएफ या ई-पुस्तकांची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २००७ मध्ये ते प्रमाण म्हणून मंजूर केलं. २०१७ मध्ये ही संस्था डब्ल्यूथ्रीसीमध्ये विलीन झाली, त्यामुळे आता वेबची प्रमाणं ठरवणारी मंडळीच ईपबही सांभाळतात. कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसल्यामुळे कोबो, पॉकेटबुक, ॲपल, गूगल असे सगळे तेच वापरतात.

ॲमेझॉनची वाट वेगळी झाली तीही त्याच सुमारास. त्यांनी २००५ मध्ये मोबीपॉकेट ही ई-पुस्तकांचा स्वतःचा ‘मोबी’ फॉरमॅट असलेली फ्रेंच कंपनी विकत घेतली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये पहिलं किंडल आलं ते मोबीपॉकेटवरच बेतलेला एझेडडब्ल्यू फॉरमॅट घेऊन. पुढे २०११ मध्ये केएफ८ आलं, ज्याची फाइल एझेडडब्ल्यू३ म्हणून दिसते, आणि २०१५ मध्ये केएफएक्स. दोन महिन्यांच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन वाटा. पण बांधणी फार परकी नाही, केएफ८च्या पोटातही एचटीएमएल आणि सीएसएसच असतं. म्हणून मोकळी फाइल एकातून दुसऱ्यात नेणं दोन मिनिटांचं काम आहे आणि कॅलिबर ते उत्तम करतं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर अजूनही फुकट आहे, आणि या क्षेत्रात वाचकाच्या बाजूने इतकं काम दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने केल्याचं मला तरी ठाऊक नाही.

इथे दोन गैरसमज नेहमी भेटतात. नुसतं फाइलीचं शेपूट बदलून, म्हणजे डॉट मोबीचं डॉट ईपब करून, काहीही साधत नाही. आत जे आहे तेच राहतं. दुसरा गैरसमज असा की २०२२ पासून किंडल ईपब वाचायला लागलं. ते अर्धंच खरं आहे. ‘सेंड टू किंडल’ने, म्हणजे आपली फाइल इंटरनेटवरून किंडलवर पाठवण्याच्या ॲमेझॉनच्या सोयीने, पाठवलेलं ईपब ॲमेझॉन आपल्याकडे बदलून घेतं आणि आपल्या फॉरमॅटमध्ये तुमच्या यंत्रावर उतरवतं. तेच ईपब केबल लावून तुम्ही किंडलमध्ये टाकलंत तर ते यादीत दिसतही नाही. आणि कुलूप लावलेलं ईपब या मार्गाने जात नाही.

आता कुलूप. याला डीआरएम म्हणतात आणि तो फॉरमॅटपेक्षा स्वतंत्र थर आहे, हे एकदा नीट लक्षात आलं की बाकीचं सगळं उलगडतं. दुकान पुस्तकातला मजकूर एका किल्लीने कूटबद्ध करतं. मग ती किल्लीच तुमच्या खात्याच्या किंवा यंत्राच्या दुसऱ्या किल्लीने बंद करून फाइलीसोबत देतं. फाइलीची नक्कल कितीही वेळा करा, ती कुणीही अडवत नाही. फक्त दुसरी किल्ली नसेल तर त्या नकलेचा उपयोग शून्य. म्हणजे दोन फाइली, दोन्ही ईपब, नाव-आकार सगळं सारखं, आणि एक तुमच्या रीडरवर उघडते, दुसरी नाही. वाचक चक्रावतात ते इथे. ‘ईपब चालतं’ असं खोक्यावर छापलेलं असतं, पण कुणाचं कुलूप चालतं ते छापलेलं नसतं.

मुख्य कुलपं चार घराण्यांची. ॲमेझॉनचं स्वतःचं, जे फक्त किंडल आणि किंडलची ॲप्स उघडतात. ॲपलचं फेअरप्ले, जे ॲपलच्या उपकरणांपलीकडे कुठेही उघडत नाही, म्हणजे ई-इंकच्या (किंडलसारख्या कागदी दिसणाऱ्या पडद्याच्या) एकाही रीडरवर नाही. तिसरं ॲडोबीचं. हे बऱ्याच दुकानांनी आणि ग्रंथालयांनी भाड्याने घेतलंय, म्हणून एका दुकानातलं पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेता येतं, फक्त दोन्हीकडे एकच ॲडोबी आयडी लागतो. चौथं एलसीपी, युरोपातल्या ईडीआरलॅब या संस्थेचं. त्यात खात्याऐवजी परवलीचा शब्द असतो, आणि तो एकदा दिला की पुस्तक इंटरनेटशिवायही वाचता येतं. कोबो जरा मिश्र आहे: यंत्रावर वायफायने येणारं पुस्तक केईपब या त्यांच्या खास रूपात आणि त्यांच्याच कुलपात येतं, पण त्यांच्या संकेतस्थळावरून बहुतेक पुस्तकं ॲडोबीच्या कुलपातलं ईपब म्हणून उतरवता येतात. प्रकाशकाने कुलूप नको म्हटलं असेल तर सरळ मोकळं ईपबच मिळतं. पुस्तकाच्या माहितीत खाली तसं लिहिलेलं असतं, फक्त कुणी तिथवर वाचत नाही.

तुमच्या फाइलीला कुलूप आहे की नाही हे मी कसं तपासते ते सांगते. ईपब असेल तर त्याची एक नक्कल करा, नक्कलेचं शेपूट डॉट झिप करा आणि उघडा. (इथे शेपूट बदलून चालतं, कारण ते खरोखरच झिप असतं.) आत ‘मेटा-इन्फ’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यात ‘राइट्स’ नावाची एक्सएमएल फाइल असेल तर ॲडोबीचं कुलूप. ‘लायसन्स’ नावाची, एलसीपीएल शेपटाची फाइल असेल तर एलसीपी. नुसती ‘एन्क्रिप्शन’ नावाची फाइल पाहून मात्र घाबरू नका. कित्येकदा तिच्यात फक्त फॉन्ट झाकल्याची नोंद असते, फॉन्टच्या परवान्यासाठी आम्हीच ते करतो, आणि पुस्तक पूर्ण मोकळं असतं. किंडलच्या फाइलींसाठी याहून सोपा उपाय आहे: कॅलिबरमध्ये टाका आणि ईपबमध्ये बदलायला सांगा. कुलूप असेल तर ते काम थांबवून तसं सांगतं. तुमच्या मित्राचा सल्ला इथेच अडतो. कॅलिबर कुलूप काढत नाही.

मग तुमच्या दोनशे पुस्तकांचं काय? मोफत मिळालेली, प्रताधिकार संपलेली, तुम्ही स्वतः ‘सेंड टू किंडल’ने पाठवलेली पुस्तकं यांची काळजी सोडा. मूळ फाइल संगणकावर किंवा ईमेलमध्ये सापडली तर तीच घ्या, किंडलमधली बदललेली नक्कल ईपबमध्ये पुन्हा बदलण्यापेक्षा मूळ फाइल केव्हाही बरी. दर वेळी रूपांतर केलं की कुठेतरी तळटीप तुटते, कुठे अनुक्रमणिका हरवते.

विकत घेतलेली पुस्तकं ॲमेझॉनच्या कुलपात आहेत असंच धरून चाला. ती कोबो किंवा पॉकेटबुकच्या स्वतःच्या वाचन-ॲपमध्ये उघडणार नाहीत. ती गेली असंही नाही, तुमच्या खात्यात आहेत. फोनवर, टॅबवर, संगणकावर किंडल ॲपमध्ये ती वाचता येतील. पूर्वी ॲमेझॉनच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय होती. ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. तुम्ही त्याआधी अशा फाइली उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवल्या असतील तर एक गोष्ट सांगायला हवी: उतरवताना जे किंडल निवडलं होतं, त्याच किंडलपुरत्या त्या उघडतात. ते यंत्र गेलं की त्या फाइली तुमच्याकडे असून नसल्यासारख्या.

जपून ठेवण्यावरून एक आठवण येते, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका वाचकाने मला फोन केला. त्यांनी एका छोट्या ई-दुकानातून वर्षानुवर्षं पुस्तकं घेतली होती, दर खरेदीनंतर आलेली फाइल व्यवस्थित नाव देऊन, वर्षवार फोल्डर करून ठेवली होती. इतकी शिस्त मी क्वचित पाहिली आहे. दुकान बंद झालं. नवा संगणक घेतल्यावर त्यांनी फाइली उघडायला घेतल्या, एकही उघडेना. मी त्यातली एक मागवून पाहिली. जेमतेम काही केबींची, एसीएसएम शेपटाची. ते पुस्तक नव्हतंच. एसीएसएम म्हणजे ॲडोबीच्या व्यवस्थेतली पावती: ती ॲडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडली की ते सॉफ्टवेअर दुकानाच्या सर्व्हरकडे जाऊन खरं पुस्तक आणतं. सर्व्हरच उरला नाही, तर पावत्यांचं काय करायचं? जुन्या संगणकात उतरलेली खरी ईपबं कुठल्यातरी फोल्डरात होती, आणि तो संगणक भंगारात गेला होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांची काहीही चूक नव्हती. हा फरक दुकानाने त्यांना कधी सांगितलाच नव्हता.

म्हणून ॲडोबीच्या व्यवस्थेत कधी पुस्तक घेतलंत तर पावती उघडून खरं पुस्तक उतरवून घ्या, आणि ते जपा. आणि ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू करताना ‘आयडीशिवाय संगणक अधिकृत करा’ असा पर्याय देतं, तो घेऊ नका. सोपा दिसतो, पण मग ती पुस्तकं त्या एकाच संगणकाला बांधली जातात, रीडरवर जात नाहीत. आयडी तयार करायला पाच मिनिटं लागतील, तेवढी द्या. एका आयडीवर साधारण सहा संगणक आणि सहा यंत्रं चालतात.

दुकान बंद झाल्यावर काय होतं, हे त्या दुकानाने निवडलेल्या कुलपावर आणि त्याच्या दानतीवर अवलंबून असतं. सोनीचंच पाहा. २००६ मध्ये त्यांचा रीडर आला तेव्हा त्यांचा बीबीईबी नावाचा खास फॉरमॅट होता. २००९ मध्ये ते तो सोडून ईपबकडे वळले. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतलं त्यांचं दुकान बंद झालं तेव्हा ग्राहकांचा संग्रह कोबोकडे हलवण्याची सोय केली गेली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं उघडायची थांबली, फुकट घेतलेलीसुद्धा. आणि दुकान चालू असतानाही ताबा कुणाकडे असतो ते जुलै २००९ मध्ये दिसलं: विक्रेत्याकडे हक्क नसल्याचं लक्षात आल्यावर ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या. पैसे परत दिले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण आपल्या यंत्रातलं पुस्तक आपण झोपेत असताना जाऊ शकतं, हे कळायचं ते कळलंच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, मोकळी फाइल कुठल्याही फॉरमॅटची असली तरी ती तुमच्याबरोबर येईल, कुलूपवाली फाइल मात्र किल्ली जिथे आहे तिथेच उघडेल. यंत्र निवडायचं ते यावर.

माझ्याकडे कुणी यंत्राबद्दल विचारायला आलं की मी आधी दुकानाबद्दल विचारते. यापुढे तुम्ही पुस्तकं कुठून घेणार? तुमच्या आवडीची पुस्तकं जिथे जास्त मिळतात ते दुकान आधी ठरवा. दोनशेतली दीडशे विकत घेतलेली असतील आणि ती पुन्हा पुन्हा उघडत असाल, तर मनाविरुद्ध का होईना, नवं किंडल घेणं हाच व्यवहारी निर्णय आहे. तुमच्यासारखे पुष्कळ वाचक याच कारणाने तिथे अडकून राहतात आणि मला ते आवडत नाही, पण तुमचे पैसे वाया जाऊ नयेत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उलट विकत घेतलेली तीस-चाळीसच असतील आणि बरीचशी वाचून झालेली असतील, तर ती फोनवरच्या ॲपमध्ये राहू द्या आणि बिनधास्त ईपबच्या बाजूला या. तिथे निदान दुसरं दुकान, दुसरं यंत्र असा पर्याय शिल्लक राहतो.

कोबो आणि पॉकेटबुक यांत काय निवडायचं? कोबोचं स्वतःचं दुकान यंत्रातच आहे, खरेदी करून लगेच वाचायला बसणाऱ्याला ते सोयीचं. पॉकेटबुक कुठल्याच मोठ्या दुकानाशी बांधलेलं नाही, फॉरमॅटही ते पुष्कळ वाचतं, आणि ॲडोबीसोबत एलसीपीही उघडतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून पुस्तकं जमवण्याची सवय असेल तर माझं मत पॉकेटबुकला. फक्त एलसीपीचं मॉडेलनिहाय तपासून घ्या, जुन्या यंत्रांवर ते असेलच असं नाही.

तिसरा मार्ग तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या परिस्थितीत तो सर्वांत जवळचा वाटतो: अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर, उदाहरणार्थ बूक्स. त्यात किंडलचं, कोबोचं, गूगलचं अशी सगळी ॲप्स बसतात. प्रत्येक दुकान आपापलं कुलूप आपापल्या ॲपमध्ये उघडतं आणि तुम्ही एकाच पडद्यावर वाचता. कायद्याचा कुठलाही प्रश्न येत नाही. याची किंमतही मोजावी लागते. बॅटरी साध्या रीडरइतकी आठवडेच्या आठवडे चालत नाही. ही ॲप्स फोनच्या पडद्यासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे पान उलटताना ई-इंकवर सावल्या राहतात, सरकणाऱ्या मेनूंचा त्रास होतो. आणि पुस्तकं चार ॲप्समध्ये विखुरलेली राहतात, सगळा संग्रह एका यादीत दिसत नाही. मी स्वतः तपासणीसाठी असं एक यंत्र वापरते. निवांत वाचायला मात्र हात साध्या रीडरकडेच जातो.

ग्रंथालयाची पुस्तकं वाचत असाल किंवा पुढे वाचायची असतील तर ही बाब वरच्या सगळ्यावर मात करते. आधी तुमच्या ग्रंथालयाची ई-सेवा कुठलं कुलूप वापरते ते विचारा, मग यंत्र घ्या. उधारीच्या पुस्तकाला कुलूप असणं मला पटतं, कारण मुदत संपल्यावर ते बंद व्हायलाच हवं. ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या ओव्हरड्राइव्ह या सेवेची पुस्तकं कोबोच्या बऱ्याच यंत्रांवर थेट उघडतात. किंडलवर ती सोय २०११ पासून आहे, पण अमेरिकेतल्या ग्रंथालयांपुरतीच. ॲडोबी किंवा एलसीपीच्या कुलपातली फाइल मात्र किंडलवर उघडत नाही.

मित्रांनी पाठवलेल्या पीडीएफबद्दल फार आशा ठेवू नका. पीडीएफ म्हणजे छापील पानाचं चित्र म्हणा हवं तर. अक्षराची जागा ठरलेली असते, परिच्छेद म्हणजे काय हे त्या फाइलीला माहीतच नसतं. सहा इंची पडद्यावर ती बारीक दिसते, आणि ईपबमध्ये बदलली की पानाचा क्रमांक आणि शीर्षपट्टी वाक्याच्या मधोमध येऊन बसतात. देवनागरीत आणखी एक दुखणं आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टांमध्ये जुळवलेली पीडीएफ पडद्यावर नीट मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच असतो, आणि रूपांतर केलं की तोच खच वर येतो. एखादा परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. मराठीच उमटलं तर पुढे जा, नाहीतर वेळ घालवू नका. अशा पीडीएफ मोठ्या पडद्याच्या यंत्रावर जशाच्या तशा वाचाव्यात. आणि विकत घेतलेलं पुस्तक कुणी पीडीएफ करून फिरवत असेल तर ते मी बांधलेल्या पुस्तकांपैकीही एखादं असू शकतं, एवढंच सांगते.

आता तुम्ही न विचारलेला पण मनात असलेला प्रश्न. कुलूप काढता येत नाही का? त्यासाठीची साधनं फिरत असतात, तुम्ही शोधलंत तर सापडतील. ती मी सांगणार नाही. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६च्या कॉपीराइट करारानुसार सभासद देशांना अशा तांत्रिक संरक्षणाला कायद्याचं बळ द्यावं लागतं, अमेरिकेने १९९८ मध्ये तसा कायदा केला, युरोपीय संघाने २००१ मध्ये निर्देश काढला. स्वतः विकत घेतलेल्या पुस्तकासाठी, स्वतःच्याच वापरासाठी कुलूप काढलं तर काय, याची उत्तरं देशादेशात वेगळी आहेत. तुमच्या देशातला कायदा वाचल्याशिवाय कुणाच्याही ‘सगळेच करतात’वर विसंबू नका.

पण माझं मत लपवणार नाही. विकलेल्या पुस्तकाला कुलूप लावणं चूक आहे असं मला वाटतं, आणि हे मी पुस्तकं बांधून पोट भरणारी म्हणून सांगते. ज्याला चोरायचं आहे तो चोरतोच. कुलपाचा त्रास होतो तो पैसे मोजलेल्या माणसाला. दृष्टी अधू झालेल्या एका बाई मला आठवतात. त्यांनी विकत घेतलेलं पुस्तक दुकानाच्या ॲपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं जात नव्हतं, आणि जे वाचक-सॉफ्टवेअर त्यांना रोज ऐकवतं त्यात कुलपामुळे ते उघडत नव्हतं. पुस्तक त्यांचं होतं, पैसे दिले होते, आणि ते ऐकायची सोय नव्हती. २००९ मध्ये किंडलवर पुस्तक मोठ्याने ऐकण्याची सोय आली तेव्हा अमेरिकेतल्या लेखक संघटनेने हरकत घेतली आणि ॲमेझॉनने ती चालू-बंद ठेवण्याचा अधिकार प्रकाशकांना दिला. तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली आहे, ईपब ३ मध्ये अंध वाचकांचा विचार मुळापासून केलेला आहे. तरी त्या बाईंचा हताश आवाज मी विसरलेले नाही.

कुलपाशिवाय विकता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. गाण्यांच्या बाबतीत ॲपलने २००९ मध्येच ते काढलं. पुस्तकांत टॉर बुक्स ही विज्ञानकथांची मोठी प्रकाशनसंस्था २०१२ पासून कुलूप न लावता विकते. काही प्रकाशक मधला मार्ग घेतात: फाइलीत खरेदीदाराची खूण उमटवतात, दिसणारी किंवा लपलेली, पण ती कुठल्याही यंत्रावर उघडू देतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रकाशकांना मी हाच मार्ग सुचवते. काही ऐकतात. वाचक म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे: तेच पुस्तक प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोकळं मिळत असेल तर तिथून घ्या. तुमचा पुढचा रीडरही कधीतरी मोडणार आहे, तेव्हा ही पुस्तकं कुणाला न विचारता तुमच्याबरोबर येतील.

आणि एक काम आजच करा, जुनं किंडल चार्जरवर का होईना चालू आहे तोवर. पुस्तकांचं सगळे विचारतात, खुणांचं कुणी विचारत नाही. सहा वर्षांत तुम्ही अधोरेखित केलेली वाक्यं आणि लिहिलेली टिपणं त्या यंत्रात ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत साठलेली आहेत, ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये. तिला कुलूप नसतं. किंडल संगणकाला जोडा आणि ती कॉपी करून घ्या. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी, नाहीतर संगणकाला यंत्र दिसणारच नाही. विकत घेतलेल्या पुस्तकांमधल्या खुणा ॲमेझॉनच्या खात्यातही दिसतात, पण तुम्ही केबलने टाकलेल्या पुस्तकांमधल्या खुणांसाठी ही फाइलच खरा आधार आहे. ती हाती आली, उघडून मजकूर नीट दिसला, की मगच यंत्र रीसेट करा किंवा कुणाला देऊन टाका.